तालमीचं वर्ष

पहाटे साडेपाच

नारायण पेठेतल्या आत्याच्या इमारतीच्या गच्चीवर, मोबाईलमधला तानपुरा काळी चारला लावून खर्ज भरायचा. मंद्र सप्तकात जिथवर सहज उतरता येतं तिथवर उतरायचं आणि एका श्वासात एकच स्वर धरून ठेवायचा. मान सैल, जबडा सैल, खांदे खाली. श्वास छातीत भरला की खांदे वर चढतात आणि स्वर थरथरतो. तोच श्वास बरगड्यांच्या मागपर्यंत, पोटापर्यंत गेला की स्वर आपोआप बसतो. गाणं शिकायचं म्हणून हे नाही. माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुजबूज ऐकू गेली पाहिजे, आणि ती त्याला कुजबूजच वाटली पाहिजे, यासाठी हा खटाटोप. ओरडून आवाज लांब पोचतो, पण ओरडण्यात राग सोडून दुसरं फारसं काही मावत नाही.

मी सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या गावात. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो तो त्याच प्रयोगाच्या आठवणीसाठी. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात मुलीनं नाटक करावं याला घरात कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती बारावीनंतर लगेच प्रवेश न घेण्याला. ‘डॉक्टर लागूंनी आधी डॉक्टरकी केली, मग नाटक,’ हे बाबांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि पूर्णवेळ नट झाले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. पण पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते तेव्हापासून ते नाटकं करत होते, भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं तालमी करत होते. त्यांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं, त्याच्या मागे हे सगळं होतं. तालीम कधीतरी करावीच लागते, ती मला आधी करू द्या, एवढंच मी मागितलं. जूनमध्ये कॉलेज, हे तेव्हाच ठरलं.

सात

सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा जुना हॉल. शाळा भरेपर्यंत तो आमच्या नाटकाच्या गटाचा. आल्याआल्या पहिलं काम केर काढायचं, मग ओल्या फडक्यानं फरशी पुसायची. ज्या जमिनीवर लोळायचं, पडायचं, ती आपण पुसलेली असली की तिच्यावर कुठे खडबड आहे, कुठे फरशी हलते, ते अंगाला ठाऊक होतं. तालीम घेणारे सर सव्वासातला येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत.

सूर्यनमस्कार झाले की चालणं. खरोखर नुसतं चालणं: हॉलभर, कुणाला धक्का न लावता, कुठलाही कोपरा मोकळा न ठेवता. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण शाळेची सात-आठ वर्षं एका खांद्यावर दप्तर घेतलेल्या मुलाचा तो खांदा अजून खाली असतो. मोबाईल बघून बघून मान पुढे आलेली असते. वर्गात पुढे जाऊन बोलताना संकोचणारी मुलगी चालतानाही तळहात आत वळवून घेते. या सगळ्याची स्वतःला गंधवार्ता नसते. भूमिकेतल्या माणसाची चाल शोधायची तर आधी आपली चाल काय आहे ते कळलं पाहिजे, नाहीतर राजा असो की हमाल, दोघंही आपलं दप्तर घेऊनच स्टेजवर येतात.

मग पडणं. आधी गुडघा, मग मांडी, मग कुल्ला, मग खांदा, आणि पडताना श्वास बाहेर. श्वास रोखून पडलं की लागतं. त्यानंतर आरसा: दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं हात उचलला की दुसऱ्यानं आरशातल्यासारखा उचलायचा. पहिल्या महिन्यात कुणी एक पुढे असायचा आणि दुसरा मागे. आता कधीकधी असा अर्धा मिनिट येतो की कोण हलवतंय आणि कोण मागून जातंय हे दोघांनाही सांगता येत नाही, बघणाऱ्यालाही नाही. तो अर्धा मिनिट मला दिवसभर पुरतो. समोरच्याकडे इतक्या पूर्णपणे बघायची वेळ एरवी कधी येते?

नऊ

उच्चार. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, या दोन्हींतला ज वेगळा. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा. लिहिताना अक्षर एकच, तोंडात दोन. मग ल आणि ळ, न आणि ण. मोरोपंतांच्या आर्या यासाठी उत्तम. इतकी यमकं आणि इतके जोडशब्द एकामागून एक येतात की जीभ आळशी असली की लगेच अडखळते. आधी सावकाश, मग जलद, मग दातांत पेन धरून, मग पेन काढून.

माझ्या बोलण्यात सांगलीचा हेल आहे. तो मोडून टाकावा लागेल असं मी पुण्याला येताना धरून चालले होते, आणि अजूनही कितीतरी ठिकाणी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तेच सांगितलं जातं. सरांचं मत उलटं आहे. प्रमाण मराठी शिकायचीच, पण घरातली बोली घालवून नव्हे. ‘हेल काढून टाकलास तर त्याबरोबर तुझा खरा राग आणि खरं हसूही जाईल,’ असं ते म्हणाले. जिच्यात आपण रडायला शिकलो ती भाषा सोडून नटानं कुठे जायचं? मला हे शंभर टक्के पटतं. आता त्या हेलाच्या शेजारी वऱ्हाडी शिकते आहे, कारण संध्याकाळच्या तालमीला ती लागते.

साडेदहा

पेरूगेटाजवळच्या टपरीवर चहा आणि क्रीमरोल. इथे गटातली मोठी मुलं भेटतात, आणि वाद ठरलेला. ‘वर्ष कशाला घालवतेस? कॉलेजला ये, पुरुषोत्तम कर, त्यातच शिकशील.’

पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. पावसाळा आला की पुण्यातल्या कॉलेजांतली नाटकवाली मुलं दुसऱ्या कशाचं नावच घेत नाहीत. ‘भरत’ नाट्यगृहात एकांकिका सुरू व्हायच्या आधी जी आरोळी उठते, ती ऐकताना अंगावर काटा येतो. मराठी रंगभूमीवरचे आणि पडद्यावरचे कितीतरी चांगले नट आणि लेखक त्या स्पर्धेतून आले. मलाही ती करायची आहे, मनापासून करायची आहे. पण ज्यांनी केली त्यांच्याकडूनच ऐकलं ते असं: दीड-दोन महिने, रात्र रात्र तालीम, बंक केलेली लेक्चर्स, आणि डोळ्यासमोर फक्त निकाल. त्या घाईत टाळी कुठे पडते आणि हशा कुठे येतो हे फार लवकर कळतं. समोरच्या नटाचं वाक्य ऐकायचं कसं, हे शिकायला त्या दोन महिन्यांत वेळ नसतो. टाळीची चव आधी लागली की ऐकण्याची सवय नंतर लागणं कठीण. म्हणून मला ऐकणं आधी हवं होतं, टाळी मागाहून.

पुढचं गणितही साधं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं तर पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. पुण्याच्याच रोहिणी हट्टंगडी तिथे शिकल्या, आणि त्या विद्यालयाला घडवणारे इब्राहिम अल्काझी जन्मानं पुण्याचे. बारावीनंतर थेट नाटक शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथे प्रवेशाच्या वेळी करून दाखवावं लागतं. म्हणजे कुठल्याही वाटेनं गेलं तरी पदवी आहेच. हे वर्ष पदवीऐवजी नाही, पदवीच्या आधी आहे.

एक मात्र या वाटेनं येऊ बघणाऱ्यांना सांगायला हवं. ‘तीन महिन्यांत कॅमेऱ्यासमोर’, ‘मालिकेत संधी’ अशा जाहिराती करणारे वर्ग जागोजागी आहेत. आईबापांकडून भरमसाट फी घेऊन ते मुलांना दोन एकपात्री पाठ करून देतात आणि फोटो काढतात. जिथे केर काढावा लागत नाही, दुसऱ्यांच्या प्रयोगाला सामान उचलावं लागत नाही आणि पहिले काही महिने कुणी ‘छान’ म्हणत नाही, अशी जागा टाळावी आणि याच्या उलट असेल ती धरावी.

साडेअकरा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका अंध मुलाला मी वाचून दाखवते. परीक्षेच्या लेखनिकाची सोय वेगळी असते, पण रोजच्या अभ्यासाला वाचक लागतो. पुस्तकं जाडजूड, सगळीच काही रेकॉर्ड झालेली नाहीत. त्याच्या खोलीवर जाऊन तासभर वाचायचं. त्याचा मित्र शेजारच्या कॉटवर नकाशे पाठ करत असतो.

आज ७३वी घटनादुरुस्ती, पंचायत राज. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय. शेती, जमीन सुधारणा, लघु पाटबंधारे, पशुसंवर्धन. नाटकवाल्या माणसाच्या हातात यादी आली की तो तिला चढ-उतार देतो, कुठे आवाज खाली, कुठे जोर. त्यानं मला थांबवलं. ‘ताई, भाव घालू नका. नुसतं वाचा. भाव घातला की मला तुम्ही ऐकू येता, विषय ऐकू येत नाही.’

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे. स्तानिस्लावस्कीचं के. नारायण काळ्यांनी मराठीत आणलेलं ‘अभिनय-साधना’ मी दुपारी वाचते, त्यात इतक्या पानांतून जे हळूहळू उलगडतं, ते या मुलानं कॉटवर मांडी घालून एका दमात सांगितलं. मग पुन्हा पहिल्यापासून: शेती, जमीन सुधारणा, लघु पाटबंधारे. प्रत्येक नावानंतर तेवढाच थांबा, त्याचं बोट ब्रेलवर टिपण काढून संपेल इतकाच. तो ज्या तालात टोचतो त्याच तालात वाचायचं. विसाव्या विषयाच्या पुढे दोघांचा ताल एक झाला, तेव्हा मला सकाळचा आरसा आठवला. फरक इतकाच की इथे डोळ्यांचा काही उपयोग नव्हता, फक्त टोचणीचा टकटक आवाज होता आणि माझा श्वास.

दीड

जेवण. ताक. अर्धा तास झोप.

तीन

आत्याच्या सासूबाई दुपारी तांदूळ निवडतात. मी त्यांना आजी म्हणते. हल्लीच्या पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखं फारसं काही नसतं, पण आजींचं काम सुटत नाही, आणि मी ते बघत बसते. बघताना लिहायचं नाही, हा सरांचा नियम. लिहायला लागलं की डोळे वहीत जातात.

स्टीलचं मोठं ताट मांडीवर. तांदूळ पलीकडच्या अर्ध्या भागात. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोनांनी आजी थोडे थोडे दाणे आपल्याकडे ओढतात. साळ दिसली की अंगठा येतो, ती उचलून ताटाच्या काठावर ठेवतो. खडा असेल तर मात्र तो काठावर ठेवत नाहीत, जमिनीवर टाकतात आणि बाजूला सारतात. नजर ताटावर असतेच असं नाही. खिडकीकडे बघत बोलत असल्या तरी बोटं चालू असतात, दाण्यांच्या स्पर्शावरून साळ त्यांना कळते. शेजारणीची गोष्ट, भावाच्या लग्नाची गोष्ट, पानशेतच्या पुराची गोष्ट. १९६१ च्या पुराच्या वेळी त्या शाळेत होत्या. पाणी वाड्यात शिरलं त्या ठिकाणापर्यंत गोष्ट आली आणि बोटं थांबली. आवाज तसाच होता, चेहराही. फक्त बोटं थांबली. मग त्या म्हणाल्या, ‘पुस्तकं सगळी गेली,’ आणि पुन्हा दाणे ओढायला लागल्या.

साडेचार

तालीम. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५), त्यातले दोन प्रवेश. प्रयोग डिसेंबरात, आमच्या गटाच्या हॉलमध्येच, घरच्या आणि ओळखीच्या माणसांसमोर. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेले, मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेली, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. वयानं मी रंजूच्या जवळची, सिनेमाच्या नादानं घर सोडणाऱ्या मुलीच्या. सरांनी मला प्रभा दिली. वडिलांनी पुढे शिकू दिलं नाही म्हणून त्याच वाड्यात वय वाढलेली, वाचणारी, आतल्या आत धुमसणारी बाई.

सरांनी माझ्यासमोर ताट ठेवलं. हे संहितेत नाही, सरावासाठी. एका वाटीत तांदूळ, त्यात त्यांनी घरून मिसळून आणलेली साळ आणि खडे. ‘निवड. आणि निवडता निवडता सुधीरशी बोल. खडा राहिला तर प्रवेश पहिल्यापासून.’

खोटं निवडणं शेवटच्या भिंतीवरूनही दिसतं. हात दाण्यांवरून नुसता फिरत असला की वाक्य पाठ केलेलं वाटतं. खरंच खडा शोधायला लागलं की वाक्याचा वेग बदलतो. ‘आता इथे थांबायचं’ असं ठरवून थांबावं लागत नाही, कारण साळ सापडली की आपोआप थांबायला होतं. तिसऱ्या वेळेला सुधीर करणाऱ्या मुलानं त्याचं वाक्य जरा हळू, माझ्या हाताकडे बघत म्हटलं. ते वाक्य मी आठवड्यापासून ऐकते आहे, पण त्या क्षणी ते मला लागलं. माझी बोटं थांबली. मी थांबवली नव्हती. सर खुर्चीत पुढे सरकले आणि काही बोलले नाहीत. प्रवेश संपल्यावर त्यांनी ताट मागून घेतलं, चष्मा चढवून सगळा तांदूळ तपासला आणि म्हणाले, ‘एक खडा आहे. पण असू दे.’

वऱ्हाडीचं काम मात्र खूप बाकी आहे. ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिला’ ही रूपं तोंडात बसली, सूर बसलेला नाही. अमरावतीचा एक मुलगा गटात आहे, रोज अर्धा तास त्याच्याशी त्याच्या बोलीतच गप्पा मारायच्या असं ठरलं आहे. गप्पा कशाच्याही, मॅचच्या, मेसच्या जेवणाच्या. नाटकातली वाक्यं त्याच्याकडून म्हणवून घ्यायची नाहीत. तसं केलं तर मी त्याची नक्कल करीन.

सात

शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर गटातल्या मोठ्यांच्या एकांकिकांचा प्रयोग. माझ्याकडे प्रॉपर्टी. टेबलावर कागद अंथरून त्यावर प्रत्येक वस्तूची जागा पेनानं आखायची: चष्मा, पत्र, दोन कप, किल्ल्या, औषधाची बाटली. नट वस्तू घेऊन गेला की तिची आखलेली जागा रिकामी दिसते, परत ठेवली की भरते. अंधारात नुसत्या नजरेनं कळतं की काय बाहेर आहे आणि काय आत. स्टेजवर टेबलाच्या पायांच्या जागी फ्लोरोसेंट टेपचे तुकडे. नटराजाला हार, नारळ, आणि प्रयोगाआधी सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडणं. पहिली घंटा, दुसरी, तिसरी.

विंगेत उभं राहून नाटक दिसत नाही, ऐकू येतं. नटांच्या पाठी दिसतात. आणि तिथे उभं राहिल्यावर कळतं की प्रेक्षक काही सगळे एकदम गप्प होत नाहीत. आधी खुर्च्यांचा आवाज थांबतो, मग खोकणं, मग शेवटी एक वेगळीच शांतता येते, तिला वजन असतं. आजच्या दुसऱ्या एकांकिकेत ती आली तेव्हा स्टेजवरची ताई काहीच करत नव्हती. पत्र हातात घेऊन नवऱ्याचं बोलणं ऐकत होती. हेच शिकायला मी इथे आले आहे. कॉलेजमध्ये गेल्यावर मला स्पर्धा मिळेल, टाळी मिळेल, चषकही मिळेल कदाचित. पण रोज संध्याकाळी कुणाच्या तरी पाठीमागे उभं राहून दोन तास नुसतं ऐकायची मुभा पुन्हा मिळेल असं वाटत नाही. या वर्षासाठी मी भांडले त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

पावणेअकरा

सामान ट्रंकेत, यादीवर खुणा. एका कपाचा कान निखळला आहे, उद्या तुळशीबागेतून तसाच दुसरा आणायचा. घरी येऊन वरणभात, आणि मग सांगलीला फोन.

‘जेवलीस का?’ हा पहिला प्रश्न. दुसरा फॉर्मांचा. गॅपच्या प्रतिज्ञापत्रासाठी बाबांनी ओळखीच्या वकिलांना सांगून ठेवलं आहे, स्टॅम्पपेपरवर करून घेऊ म्हणाले. ललित कला केंद्राच्या प्रवेशाची तारीख जाहीर झाली की लगेच कळवायची. तिथे नाही झालं तर मानसशास्त्र घेऊन बीए, हे दोघांचं ठरलेलं आहे.

मग म्हणाले, ‘लायब्ररीतून ते नाटक आणलं. वाचलं दोनदा.’

मी वाट बघत राहिले.

‘त्या प्रभाला शिकू द्यायला पाहिजे होतं गं.’

‘हो, बाबा.’

‘तू जूनचं विसरू नकोस.’

नाही विसरत, म्हटलं, आणि प्रयोगाची तारीख सांगितली. ते कॅलेंडरची पानं उलटत होते, फोनवर ऐकू येत होतं. ‘शनिवार आहे,’ ते म्हणाले. ‘दुपारच्या गाडीनं निघालं तरी पोचतो.’